अरबी समुद्राचा पावसाळा: वारा, देवमासे आणि जुने नाखवे

खाडीकाठी (धागाकर्ता)

मागे इथे कोकणातल्या जुन्या बंदरांवर धागा आला होता. सोपारा, कल्याण, चौल यांवर भरपूर काथ्याकूट झाला, पण तिथून सुटलेली गलबतं जिथे जाऊन लागायची त्या पलीकडच्या किनाऱ्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. मी सध्या पोटापाण्यासाठी ओमानच्या दक्षिण टोकाला, धोफारमधल्या सलालाहला असतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझा मुद्दा एकच आहे. या समुद्रात काय जगतं आणि या समुद्रावरून कोण, कधी, कुठे गेलं, ही दोन्ही खाती एकाच माणसाच्या हातची आहेत, आणि तो माणूस म्हणजे नैऋत्येचा वारा. आपल्याकडे तो पाऊस घेऊन येतो म्हणून आपण त्याला पावसाचाच धरून चालतो. इकडे त्याचं काम निराळं आहे.

जून ते सप्टेंबर हा वारा सोमालियाच्या टोकावरून येतो आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर ईशान्येकडे धावतो. जमिनीपासून फार उंच नसलेला हा झोत फिंडलेटर नावाच्या ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ साली नीट मांडून दाखवला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे समुद्राचं वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे ढकललं जातं. इथे उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर. वरचं पाणी सरकलं की खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. ऑगस्टात मस्कतला समुद्र तिशीच्या वर असतो आणि त्याच महिन्यात धोफारच्या मिरबात-हासिक पट्ट्यात पाणी २० अंशांच्या आसपास उतरतं. त्या गार पाण्यावरून आलेली हवा डोंगराला अडते, धुकं धरतं, बारीक भुरभुर लागते आणि एरवी करपलेले डोंगर हिरवे होतात. इथे या मोसमाला खरीफ म्हणतात. दुबई-रियाधची माणसं गाड्या भरभरून हे धुकं बघायला येतात. आपण कोकणातले लोक त्यांच्याकडे बघत बसतो.

पाण्याखाली तर आणखी मजा. केल्प नावाचं मोठं समुद्री शेवाळ थंड समुद्रांत वाढतं, प्रवाळाला पाणी उबदार लागतं. दोघं शेजारी राहणं अवघड. धोफारच्या खडकांवर ते राहतात. खरीफात केल्प उगवतं, कमरेएवढं होतं, मोसम सरला आणि पाणी तापलं की झडून जातं, आणि प्रवाळ तिथेच असतं. अबालोन नावाची महागडी शिंपलीही याच पट्ट्यात मिळते. तिचा मोसम सरकार अगदी थोड्या दिवसांचा ठेवतं.

आणि तारल्या! वाऱ्याचा जोर ओसरला की किनाऱ्यावर तारल्यांचे थवेच्या थवे लागतात. वाळूवर पसरून त्या वाळवतात, आणि त्यातला मोठा वाटा माणसं खात नाहीत, उंट आणि गाई खातात. पोत्यातून मूठभर सुके मासे समोर टाकले की गाय कडब्यासारखे कडाकडा चावते. पहिल्यांदा बघताना जरा विचित्र वाटतं.

आता इथे इतिहास आत येतो. इ.स.पू. ३२५ मध्ये अलेक्झांडरचा सरदार निआर्कस सिंधूच्या मुखातून आरमार घेऊन मकरानच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या, किनाऱ्याने निघाला. पहिली गोष्ट काय झाली? समोरून नैऋत्येचा वारा. सध्याच्या कराचीच्या आसपास कुठेतरी एका बंदरात त्याला २४ दिवस खोळंबून राहावं लागलं. पुढे त्याला जे लोक भेटले त्यांना ग्रीकांनी मत्स्याहारी म्हणूनच नोंदवलंय. सुक्या माशांचं पीठ करून त्याच्या भाकरी करणारे, देवमाशाच्या हाडांचे वासे घालून घरं बांधणारे. एका ठिकाणी आरमाराला मेंढ्या मिळाल्या, तर मटणाला माशाचा वास. कारण गवत नाही, मेंढ्याही मासेच खातात. एरियन या ग्रीक इतिहासकाराने हे सगळं निआर्कसच्या रोजनिशीवरून लिहून ठेवलं. लोक याला अतिशयोक्ती समजतात. त्यांनी सलालाहच्या एखाद्या गोठ्यात डोकावावं.

देवमाशांचं मात्र स्वतंत्र सांगायला हवं. निआर्कसच्या खलाशांना समुद्रातून पाण्याचे फवारे उडताना दिसले, वाटाड्यांनी देवमासे आहेत म्हटल्यावर भीतीने वल्ही हातातून सुटली. मग निआर्कसने जहाजं एका रांगेत लावली, लढाईसारखी आरोळी ठोकायला लावली, तुताऱ्या फुंकल्या, आणि देवमासे बुडी मारून मागे निघाले. त्यांची जात कुठली ते एरियन सांगत नाही. पण या पाण्यात आजही हंपबॅक देवमाशांचा एक कळप आहे आणि तो जगावेगळा आहे. जगभरचे हंपबॅक खायला ध्रुवाकडे जातात आणि विणीला उष्ण समुद्रात येतात. हे महाशय कुठेच जात नाहीत. खाणंपिणं, लग्नकार्य, सगळं याच समुद्रात. कारण ध्रुवाजवळ मिळणारं अन्न इथे वाराच वर आणून देतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा कळप इतरांपासून सुमारे ७०,००० वर्षं तुटलेला आहे. ओमानच्या पाण्यात मोजदाद झाली तेव्हा अंदाज निघाला ८२.

तूर्त इथे थांबतो. व्यापाराचं प्रतिसादांत बोलू.

पेणचा_पाव्हणा

वाखूसा (वाचनखूण साठवली). गाय सुकट खाते हे वाचून आमच्या हिने फोन हातातून काढून घेतला आणि परत वाचलं.

एक शंका. हिप्पालस नावाच्या ग्रीकाने मोसमी वारे शोधले असं आम्हाला शाळेत होतं. ते खरं की नाही?

खाडीकाठी

@पाव्हणा, 'पेरिप्लस' मध्ये, म्हणजे पहिल्या शतकाच्या मध्यात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या त्या वाटपत्रात, हिप्पालसने भर समुद्रातून जाण्याची वाट काढली असं आहे. ग्रीकांपुरतं ते खरंही असेल. पण ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने त्याच्या आधीच्या पोसिडोनियस या ग्रीक लेखकाच्या हवाल्याने दिलेली गोष्ट वाचा. इ.स.पू. ११८ च्या सुमारास तांबड्या समुद्रावरच्या पहारेकऱ्यांना एका होडीत अर्धमेला हिंदी माणूस सापडला. बाकीचे उपासमारीने मेलेले. त्याला अलेक्झांड्रियाला नेऊन ग्रीक शिकवलं, आणि युडॉक्सस नावाच्या माणसाला वाट दाखवत तो परत हिंदुस्थानला घेऊन आला. वाऱ्याचा शोध कुणी लावला हे तुम्हीच ठरवा. जो माणूस वाट दाखवतो त्याचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही, याचा मला जास्त राग येतो.

त्यानंतर धंदा असा वाढला की स्ट्राबोच्याच काळात एकट्या मायोस होर्मोस या इजिप्तच्या बंदरातून वर्षाला १२० रोमन जहाजं हिंदुस्थानकडे सुटत, जुलैच्या सुमारास.

बांगडाभात

झक्कास लिवलंस रे. आमचं घर मालवणचं, आजोबा रापणीवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. माझा प्रश्न साधा आहे. ती रोमन जहाजं जुलैत निघायची म्हणता. जुलैत आमच्याकडे होडी शाकारून किनाऱ्यावर असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कुणी दर्यात जात नाही. मग ती माणसं येड्यासारखी त्या उधाणात कशी शिरायची?

खाडीकाठी

शिरायची नाहीत, तिथेच त्यांची हुशारी होती. जुलैत निघायची ती इजिप्तहून. तांबड्या समुद्राने खाली उतरायला वेळ जायचा. अरबस्तानच्या टोकावरच्या ओसेलिसहून अनुकूल वारा मिळाला की ४० दिवसांत मलबारचं मुझिरिस बंदर, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. म्हणजे मलबारला लागेपर्यंत सप्टेंबर उजाडतो, आणि आपला किनारा तोवर निवळायला लागलेला असतो. डिसेंबरच्या सुमारास ईशान्येचा वारा पकडून परत. तुमच्या आजोबांचं आणि त्या रोमन नाखव्याचं पंचांग एकच होतं म्हणा ना.

भरतीओहोटी

मी गोव्यात समुद्रविज्ञानात काम करते, म्हणून या बाजूचं थोडं.

खालून गार पाणी वर येणं आपल्याकडेही होतं, केरळ ते गोवा पट्ट्यात नैऋत्य मोसमातच, फक्त ओमानएवढं जोरात नाही. शिवाय आपल्याकडे एक घोळ आहे. सह्याद्रीवर पडलेला सगळा पाऊस नद्यांतून समुद्रात येतो आणि गोड्या पाण्याचा हलका थर वर झाकणासारखा बसतो. खालचं पाणी तसंच अडकून राहतं. ते मुळातच कमी प्राणवायूचं, कारण अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड पट्टा आहे. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एक. त्यात वरून गळणारं मेलेलं प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात तळाशी हायड्रोजन सल्फाइडसुद्धा सापडतो, अंड्याच्या वासाचा. डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' मध्ये हे मांडलं, आणि हा त्रास वाढतोय असंही. कांदोळीसमोरच्या एका ठरावीक ठिकाणी आमची संस्था वर्षानुवर्षं पाणी काढून तपासते.

बांगडाभात, अशा वेळी तळाचे मासे श्वास कोंडला की किनाऱ्याकडे किंवा वरच्या थरात सरकतात. जाळं अचानक भरलं म्हणून मासा वाढलाच असं नसतं.

बांगडाभात

हे कुणीतरी मासळी सोसायटीच्या बैठकीत येऊन सांगा हो. तिथे सगळं खापर एलईडी दिवे लावून मासे धरणाऱ्यांवर आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवर फुटतं. त्यांचा दोष आहेच, पण हेही कळायला हवं.

तर्कट

धागा चांगला आहे पण धागाकर्ते भावनेच्या भरात दोन गोष्टी जोडतायत. निआर्कसला देवमासे दिसले आणि आज देवमासे आहेत, यावरून तोच कळप अडीच हजार वर्षं तिथे आहे हे सिद्ध होत नाही. स्पर्म व्हेल असतील, ब्राइड्स व्हेल असतील. आणि ८२ हा आकडा एवढा कमी का? वारा इतकं अन्न देतो तर कळप फुगायला हवा होता.

खाडीकाठी

@तर्कट, पहिलं मान्य, म्हणूनच जात सांगितलेली नाही असं वर लिहिलंय. ७०,००० वर्षांचा आकडा जनुकांवरून आलाय, एरियनवरून नाही.

दुसऱ्याचं उत्तर कडू आहे. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत देवमासे मारणारे ताफे अंटार्क्टिककडे जाता-येता इथे थांबले आणि ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्यासमोर २४२ हंपबॅक मारले. बेकायदा होतं, म्हणून दडवलं गेलं. युरी मिखालेव यांनी १९९७ साली त्या नोंदी प्रसिद्ध केल्या. गंमत बघा, मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या वाढीवरून आणि पोटातल्या अन्नावरून कळलं की ही मंडळी उत्तर गोलार्धाच्या ऋतूप्रमाणे वितात आणि इथेच जेवतात. म्हणजे हा कळप वेगळा आहे याचा पहिला भक्कम पुरावा कत्तलीच्या वहीतून आला.

आता जाळी आणि जहाजं या दोन कटकटी आहेत. २०१७ च्या अखेरीस उपग्रह-खूण लावलेली 'लुबान' नावाची मादी ओमानहून थेट आपल्या किनाऱ्याला आली, दक्षिणेला गेली आणि परत ओमानला आली. गोव्यासमोर हंपबॅकचं गाणंही नोंदवलं गेलंय. तेव्हा हे फक्त ओमानचं प्रकरण नाही.

लेणीवेडी

मला ब्राह्मी लिपीचं वेड आहे, त्यामुळे राहवत नाहीये. सोकोत्राचं नाव कुणीच कसं घेतलं नाही!

एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं हे बेट. तिथल्या होक नावाच्या गुहेत २०००-०१ च्या सुमारास बेल्जियन गुहाशोधक शिरले. गुहा दोनेक किलोमीटरहून लांब, आत पूर्ण अंधार. आणि भिंतींवर, चुन्याच्या खांबांवर, जमिनीवर, कोळशाने आणि चिखलाने लिहिलेले दोनशेहून अधिक लेख. त्यातले बहुतेक ब्राह्मीत! काळ साधारण इसवी सनाचं दुसरं ते पाचवं शतक. ग्रीक, दक्षिण अरबी लिपीतलेही थोडे आहेत आणि २५८ सालचा उल्लेख असलेली सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या भाषेतली एक लाकडी पाटी. पण गर्दी आपल्याच लोकांची. मजकूर काय, तर अमुकचा मुलगा अमुक आला. काहींनी गाव लिहिलंय भरुकच्छ, म्हणजे भडोच. कुणी जहाजाचं चित्र काढलंय.

आज गडावर बदामात नाव कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो आणि या लोकांचं कौतुक करतो, हे मला कळतं, पण काय करणार.

ते लोक तिथे का होते, याचं उत्तर धागाकर्त्यांच्या वाऱ्यात आहे. मोसम जोरात असताना सोकोत्राला गलबत लावणं-सोडणं जवळपास अशक्य. एकदा अडकलात की वारा पडेपर्यंत मुक्काम. पेरिप्लस सांगतो की बेटावर अरब, हिंदी आणि काही ग्रीक व्यापारी वस्तीला आहेत, तांदूळ आणि कापड देऊन कासवाची पाठ घेतात. हाताशी वेळ, जवळ मोठी गुहा. नावं लिहिणारच.

इजिप्तच्या बेरेनिके बंदरातलंही सांगते. सेरापिसच्या देवळाच्या अंगणात हिंदी बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. सागवानाच्या तुळया सापडल्या, मोडीत काढलेल्या जहाजांचं लाकूड भिंतीत घातलेलं. वाळवंटात साग! २०२२ मध्ये तर संगमरवरी बुद्ध निघाला. आणि उलट दिशेने आलेलं बघायचं तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला ब्राँझचा पोसायडन आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठी.

पेणचा_पाव्हणा

तो पोसायडन शाळेच्या सहलीत बघितलाय. मास्तरांनी 'परदेशी मूर्ती' म्हणून पुढे ढकललं होतं.

गाळउपसा

सगळे माणसांच्या कागदपत्रांवर बोलताय. समुद्राने स्वतः ठेवलेली नोंद आहे, तिच्याबद्दल लिहितो. माझा विषय भूशास्त्र.

ओमानसमोर खालचं गार पाणी वर आलं की ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा एक सूक्ष्म जीव माजतो. रवाळ साखरेच्या कणाएवढा, चुन्याचं चार कप्प्यांचं घर करून राहणारा. एरवी हा थंड समुद्रातला पाहुणा. मेला की घर तळाशी पडतं. गाळाच्या ज्या थरात ही घरं जास्त, त्या काळात वारा जोरात. १९८७ मध्ये खोदकामाच्या जहाजाने ओमानच्या उतारावरून गाळाचे लांब नळे काढले. त्यातल्या एका जागेच्या गाळावर आयआयटी खरगपूरच्या अनिल गुप्तांनी सहकाऱ्यांसह २००३ साली 'नेचर' मध्ये गेल्या दहा-अकरा हजार वर्षांचा मोसमाचा आलेख दिला. सुरुवातीच्या हजारो वर्षांत वारा आजच्यापेक्षा तगडा, मग हळूहळू ओसरत गेलेला, मधे मधे अचानक गचके. आणि हे गचके उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या लाटांशी जुळतात. हिमयुगात तर नैऋत्येचा वारा बराच मवाळ होता.

आता भरतीओहोटी यांचा प्राणवायू नसलेला पट्टा आठवा. कराचीसमोर हा पट्टा जिथे समुद्राच्या उताराला टेकतो, तिथे तळात किडे-गांडुळं जगत नाहीत. त्यामुळे गाळ कुणी उकरत नाही. दरवर्षीचा एक फिका आणि एक गडद पापुद्रा जसाच्या तसा राहतो. तुमच्या माशांचा जीव घेणारं पाणी आमची वही सांभाळतं. याच भागातल्या गाळावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सिंधूचं पाणी घटल्याचं २००३ मध्ये दाखवलं गेलं. हडप्पाची शहरं ओस पडायला लागतात तो हाच सुमार.

तर्कट

आता हडप्पा काढलंच आहे तर. ते लोक भर समुद्र ओलांडायचे याला पुरावा काय? माझ्या मते मकरानच्या काठाकाठाने जायचे. वाऱ्याचं गणित त्यांच्या माथी मारू नका.

लेणीवेडी

ओमानच्या पूर्व टोकाला रास अल-जिन्झ आहे, तिथे क्लेझिऊ आणि तोसी यांनी १९८५ पासून उत्खनन केलं. डांबराचे तीनशेच्या आसपास तुकडे मिळाले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. एका बाजूला बोरूच्या मोळ्यांचे आणि दोऱ्यांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रातले शिंपले चिकटलेले. म्हणजे बोरूच्या होडीला बाहेरून लिंपलेलं डांबर, आणि ती होडी बराच काळ खाऱ्या पाण्यात होती. तिथेच हडप्पाच्या रांजणांची खापरं आणि हस्तिदंती कंगवा. मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉनही मेलुह्हाची जहाजं आपल्या धक्क्याला लागली अशी फुशारकी मारतो, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक धरतात.

तर्कट

यातून समुद्रप्रवास सिद्ध होतो, मार्ग नाही. काठाने गेलं तरी शिंपले चिकटतातच.

खाडीकाठी

चिकटतात. पण काठाने जायचं तरी वारा बघावाच लागतो, निआर्कसचे २४ दिवस विसरू नका. पुढचं तुम्ही आणि लेणीवेडी बघून घ्या, मी मधे पडत नाही.

बांगडाभात

रात्री लाटा निळ्या पेटतात त्याचं काय? गेल्या काही वर्षांत जास्त दिसतं.

भरतीओहोटी

ते नॉक्टिलुका. आपल्या किनाऱ्यावर दिसणारी जात लालसर, ती इतर प्लवंग खाते आणि पाणी ढवळलं की चमकते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात येते ती हिरवी, तिच्या पोटात दुसरं हिरवं शैवाल राहतं, त्यामुळे ती खातेही आणि स्वतःचं अन्न बनवतेही. २००० नंतर या हिरवीने पूर्वीच्या डायटम शैवालांची जागा घ्यायला सुरुवात केली. आमच्याच संस्थेत आधी असलेले हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोस यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये म्हटलं की कमी प्राणवायूचं पाणी वर सरकल्यामुळे हे होतं. भारतातल्या दुसऱ्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की ईशान्य भागात प्राणवायू पुरेसा असतानाही ती माजते. वाद चालू आहे. एवढं मात्र खरं की ती फार कमी जणांच्या आहारात बसते. जेलीफिश आणि साल्प नावाचे जेलीसारखे तरंगते जीव खातात, तारली-बांगड्याला तिचा उपयोग नाही.

पेणचा_पाव्हणा

धागाकर्ते, हे बघायला यायचं तर कधी यावं? देवमासा, केल्प, हिरवे डोंगर, कासवं, सगळं एका फेरीत बसवा. सुट्टी मोजकीच आहे.

खाडीकाठी

नाही बसणार. हिरवे डोंगर जुलै-ऑगस्टात, पण तेव्हा समुद्र बंद आणि हॉटेलं महाग. केल्प बघायचं तर खरीफ संपता संपता, पाणी निवळलं की, आणि पोहायची सवय हवी. हंपबॅक फेब्रुवारी-मार्चात हल्लानियात बेटांकडे, दिसतीलच याची हमी कुणी देणार नाही. हिरवी कासवं रास अल-जिन्झला, पण ते सलालाहपासून गाडीने अख्खा दिवस लांब. ते मस्कतकडून करा.

सलालाहला आलात तर खोर रोरी चुकवू नका. तेच पेरिप्लसमधलं मोस्खा बंदर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भडोच आणि मलबारची जहाजं उशीर झाला की तिथे हिवाळा काढायची आणि राजाच्या माणसांना कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लोबान भरून न्यायची. लोबानाची झाडं मागच्या डोंगरात अजून आहेत, आपल्या सातपुड्यातल्या सालईची भावकी. तिथल्या उत्खननात ब्राँझच्या एका हिंदी यक्षीचा तुकडाही मिळालाय. आता खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध आलाय, आत गोडसर पाण्यात रोहित पक्षी उभे असतात आणि वर उंट चरतात. येताना तिळाचं तेल नको, भाजणी आणा. इथे मिळत नाही.